भरावाचा मुरूम: अमळनेरला दोन ठिकाणाहून घेतलेल्या मालाचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते. पारोळ्याकडच्या खाणीचा तांबूस मुरूम, पाचपैकी चार. त्याच्या आधी शेततळ्याच्या खोदकामातला म्हणून १४ ट्रॉल्या माल घेतला होता, तो शून्य. सप्लायरची नावं लिहीत नाहीये, कारण या धंद्यात खाण एकाची, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, ड्रायव्हर तिसराच आणि पुढच्या सीझनला सगळंच बदललेलं असतं, त्यामुळे नावापेक्षा माल कसा बघायचा ते लिहिलं तर अमळनेर, पारोळा, चोपडा, एरंडोल इकडे घर बांधणाऱ्याच्या जास्त कामाला येईल.

आमचा प्लॉट ३० बाय ५०, गावाबाहेरच्या नवीन लेआउटमध्ये, आधी तिथे कपाशीचं शेत होतं. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि प्लॉट रस्त्यापेक्षा पावणेदोन फूट खाली गेला, पावसाळ्यात अख्ख्या गल्लीचं पाणी आमच्याकडे. म्हणजे दोन फूट भराव टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मिस्टर सुरतला नोकरीला, मी शाळेत शिकवते, त्यामुळे आखाजी झाली, शाळेला सुट्टी लागली आणि बांधकामाचं सगळं माझ्याकडे आलं. मदतीला सासूबाई आणि मिस्तरी. कंपाउंड आधीच बांधून घेतलं होतं, विटांचं, साडेचार फुटी, आणि पुढचं नुकसान सगळं त्याच्यातच झालं.

पहिला सप्लायर ओळखीतून आला. म्हणाला कुठेतरी शेततळं खोदतायत, तिथला माल आहे, मुरूमच आहे, रेट खाणीच्या मुरमाच्या निम्मा. मी आकडा लिहीत नाही कारण डिझेल आणि अंतरावर रेट बदलतो, पण निम्मा म्हटल्यावर माणूस हो म्हणतोच. पहिली ट्रॉली आली तेव्हा ड्रायव्हरने एक ढेकूळ उचलून ट्रॉलीच्या फळक्यावर आपटून दाखवलं, फुटलं नाही. म्हणाला, "मॅडम, माल एक नंबर शे, डोळा मिटीसन लई ल्या." मे महिना, खानदेशातलं ऊन, दुपारी बाहेर उभं राहवत नाही, त्या उन्हात वाळलेलं ढेकूळ दगडासारखंच लागतं. मला ते पटलं.

सासूबाईंना नाही पटलं. त्यांनी एक खडा घेतला, तांब्यातलं पाणी त्याच्यावर टाकलं आणि अंगठ्याने चोळला. बोटाला काळं चिकट लागलं, धुतलं तरी निघेना. "हाई तं काळी शे वं माय," म्हणाल्या, "पाणी टाकीसन देख आधी." त्यांचं सगळं आयुष्य धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात गेलंय. दरवर्षी पावसाच्या आधी धाब्यावर खारी माती टाकायची, कुठली माती पाणी धरते आणि कुठली निथळू देते हे त्यांना हाताने कळतं. आपल्याकडे जुनी माणसं शेताला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणायची, काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं, ते उगाच नाही. मी मात्र म्हटलं की आई, वरून काळी दिसते पण आत मुरूम आहे. खरं म्हणजे उलट होतं, वरच्या वितभर मुरूम आणि खाली सगळी काळी. १४ ट्रॉल्या प्लॉटच्या मागच्या अर्ध्या भागात कंपाउंडला लागून पडल्या, जेसीबीने एका तासात सपाट केल्या, ना थर, ना पाणी, ना दबाई.

जून निम्मा उलटल्यावर पहिला दणक्याचा पाऊस झाला. सकाळी जाऊन बघितलं तर मागच्या भागात पाय टाकला की पायाला दोन-दोन किलो चिखल. ते एकवेळ ठीक, पण आठ दिवसात कंपाउंडची मागची भिंत बाहेरच्या बाजूला झुकली आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर पडली, माझं बोट जाईल एवढी. मग जुलैमध्ये दहा-बारा दिवस उघाड पडली तर त्याच भरावाला भेगा, आणि नंतर पाऊस आला की परत फुगला.

हे का होतं ते मी नंतर इंजिनिअरकडून समजून घेतलं आणि थोडं वाचलंही. काळी माती आणि मुरूम दोन्ही एकाच आईची लेकरं आहेत, दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो झिजून अर्धवट कुजलेला खडक म्हणजे मुरूम, आणि पूर्ण झिजून बारीक चिकणमाती झाली की काळी. काळीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं, त्याचे पापुद्रे एकावर एक असतात, पाणी मधे शिरलं की पापुद्रे लांब होतात आणि माती फुगते, पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात कपाशीच्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा आपण सगळ्यांनी बघितल्यात, त्याच भेगा घराच्या ओट्याखाली पडल्या तर ओटा कसा राहील. आणि भिंतीला लागून भरली तर फुगायला जागा नाही म्हणून ती भिंतीला ढकलते. आमच्या भिंतीला पाणी बाहेर निघायची भोकंही ठेवली नव्हती, ती मिस्तरीची आणि माझी दोघांची चूक. भराव कुठलाही असू द्या, भिंतीच्या खालच्या बाजूला सहा-सात फुटावर एकेक पाइपचा तुकडा टाकून पाण्याला वाट ठेवा आणि मागे थोडी खडी घाला.

ती काळी शेवटी पोळ्यानंतर पाऊस थांबला तेव्हा जेसीबी लावून काढली. टाकायला एकदा पैसे, काढायला परत पैसे. धाकट्या दिरांचं एक बरड वावर आहे तिथे नेऊन टाकली आणि ते इतके खूष झाले की म्हणाले अजून असेल तर आणा. खरंच, शेतात ती सोनं आहे. सरकारने २०१७ ला गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना काढली ती याच्याचसाठी ना, धरणातला गाळ काढायचा आणि हलक्या जमिनीत टाकायचा. मातीत खोट नव्हती, ती घराखाली टाकली हे चुकलं. पण सप्लायरला फोन केला तर म्हणे तुम्ही बघून घेतला होता माल. कोरडा बघितला होता, हे त्याला माहीत होतं आणि मला नव्हतं.

आता दुसरा माल, ज्याला चार स्टार दिलेत. यावेळी मी घरी बसून ट्रॉलीची वाट बघितली नाही, मिस्तरीला घेऊन खाणीवर गेले. पारोळ्याकडे जाताना बरड टेकाडं लागतात, तिथली खाण. आपल्या अमळनेर, चोपडा, यावल, रावेर भागात तापीच्या दोन्ही अंगाला गाळाची जाड जमीन आहे, खोल खोदलं तरी माती आणि वाळूच लागते, म्हणून मुरूम एकतर दक्षिणेच्या टेकाडांवरून येतो नाहीतर उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याकडून. वाहतूकच महाग पडते. कोणी तापीकाठच्या गावात शेजारच्याच वावरातला मुरूम स्वस्तात देतो म्हणाला तर आधी दोनदा विचारा, तो मुरूम आला कुठून.

खाणीवर ज्यांच्याशी बोलणं झालं ते वयस्कर, सगळे त्यांना बापू म्हणतात, मीही बापूच म्हटलं. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं की कशासाठी पाहिजे, घराच्या आत, अंगणात की रस्त्याला. हा प्रश्न पहिल्या सप्लायरने विचारलाच नव्हता. घरात फरशीखाली आणि अंगणात पाहिजे म्हटल्यावर त्यांनी कठीण मुरमाचा ढीग सोडून मऊ मुरमाकडे नेलं, म्हणाले कठीण मुरमात मोठे डबर निघतात, धुमस (माती ठोकून दाबायचा जड ठोकळा) मारला तरी बसत नाही, मधे पोकळ्या राहतात, आणि नुसत्या खड्यांना धरायला काहीतरी चिकट पाहिजे. बापूंचं हे म्हणणं पुढे इंजिनिअरनेही बरोबर म्हटलं. चांगल्या भरावात मोठे खडे, बारीक खडे, रेताड भाग आणि थोडी चिकणमाती सगळं असावं म्हणजे मोठ्याच्या फटीत छोटे बसतात, फक्त ती चिकणमाती फुगणारी नको. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर टाकून बांधकाम करायचं तंत्र आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मांडलं, कालव्यांच्या कामात ते वापरतात, त्याला सीएनएस (कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग) म्हणतात. आपल्याकडचा थोडा चिकट तांबडा मुरूम त्याच जातीचा.

मी सोबत पाण्याच्या बाटल्या नेल्या होत्या. सासूबाईंनी सांगितलेली परीक्षा आणि इंजिनिअरने सांगितलेल्या परीक्षा, सगळ्या तिथेच करून बघितल्या आणि बापू बाजूला शांत उभे होते, घाई केली नाही. पहिली, मूठभर बारीक माल ओला करून तळहातावर वळायचा, शेवेसारखी लांब बारीक वळली गेली आणि न तुटता तिची अंगठी झाली तर त्यात चिकणमाती जास्त, तो माल नको. आमची वळी दीड-दोन इंचावर तुटली. दुसरी, काचेच्या बरणीत एक तृतीयांश माल, वरपर्यंत पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. रेती आणि खडे मिनिटभरात खाली बसतात, बारीक गाळ तासा-दोन तासात, आणि चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते. दोन बरण्या घरी आणल्या, एकीत खाणीचा मुरूम, दुसरीत आमच्या प्लॉटमधली उरलेली काळी, आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मुरमाचं पाणी संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी नितळलं, काळीचं तिसऱ्या दिवशीही शाईसारखं होतं. माझ्या सातवीच्या मुलांना नंतर मी हेच वर्गात करून दाखवलं, त्यांना फार आवडलं.

ज्यांचं काम मोठं आहे त्यांनी लॅबमध्ये द्या, इंजिनिअरिंग कॉलेजला किंवा पॉलिटेक्निकला विचारा. फ्री स्वेल इंडेक्स नावाची टेस्ट आहे, आयएस २७२० या भारतीय मानकाच्या भाग ४० मध्ये, आणि ती समजायला इतकी सोपी आहे की सांगतेच. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीने चाळलेली माती दहा-दहा ग्रॅम दोन नळ्यांमध्ये घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरायचं, २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते, दोन्हीतला फरक म्हणजे फुगण्याचं प्रमाण. ५० टक्क्यांच्या वर फुगणारी माती राष्ट्रीय महामार्गाच्या भरावात चालत नाही, तसा नियमच आहे. मग आपल्या घराखाली का चालवून घ्यायची.

अजून एक गोष्ट बघायची ती म्हणजे मालात काय काय मिसळलंय. पाडलेल्या घराचा मलबा बरेच जण फुकट देतात, विटांचे बारीक तुकडे असले तर तेवढं वाईट नाही, पण त्यात लाकूड, प्लास्टिक, मुळ्या, गवत असतं, ते कुजलं की आत पोकळी होते आणि लाकडाला उधई (वाळवी) लागते, ती मग चौकटीपर्यंत येते. आणि जुन्या धाब्याची खारी माती तर भिंतीला लागून अजिबात नको. धाब्यावर ती चांगली, पण तिच्यातले क्षार ओलाव्याबरोबर विटेत चढतात आणि भिंतीला लोणा लागतो, रंग पोपडे होऊन पडतो. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मान्य केलं, म्हणाल्या जुन्या घराच्या भिंती खालून तशाच झडायच्या.

आता मोजमाप, यात लोक सगळ्यात जास्त फसतात आणि मीही फसले होते. व्यवहार ब्रासमध्ये होतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॅक्टरवाले ट्रॉली म्हणजे एक ब्रास असं धरून चालतात. पहिल्या सप्लायरची ट्रॉली मी नंतर टेप लावून मोजली, आतून १० फूट लांब, साडेपाच रुंद, दीड उंच, म्हणजे ८२.५ घनफूट. दर ट्रॉलीमागे साडेसतरा फूट कमी. वरून शिगोशीग भरली तर थोडं भरून निघतं पण शिगोशीग भरतंय कोण. आणि दुसरा हिशोब याहून महत्त्वाचा. प्लॉट ३० बाय ५० म्हणजे १५०० चौरस फूट, दोन फूट उंची, ३००० घनफूट, ३० ब्रास. पहिला म्हणाला होता ३० ट्रॉल्यात काम होईल. पण ट्रॉलीतला माल मोकळा असतो, दाबल्यावर साधारण पाचवा हिस्सा बसतो, म्हणजे दाबून ३० ब्रास पाहिजे तर मोकळा ३७-३८ ब्रास आणावा लागतो. त्याच्या ट्रॉलीने तर ४५-४६ फेऱ्या झाल्या असत्या. ३० ट्रॉल्यात दाबून जेमतेम २० ब्रास, म्हणजे दोन फुटाऐवजी सव्वा-दीड फूट. त्याने खोटं सांगितलं की त्याला हिशोब येत नव्हता ते मी ठरवत बसले नाही, पण तुम्ही हा हिशोब कागदावर करून मगच बोलायला जा.

बापूंनी ट्रॉली मोजू दिली, स्वतःच टेप काढून दिला. त्यांच्या ट्रॉलीचा माल ९५ घनफुटाच्या आसपास भरला आणि तेवढ्याचेच पैसे धरले. शिवाय प्रत्येक फेरीला रॉयल्टीची पावती, म्हणजे सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन यंत्रणेचा वाहतूक परवाना, गाडी नंबर आणि वेळ टाकलेला. ही पावती मागायला लोक लाजतात, लाजू नका. मुरूम गौण खनिजात येतो, विनापरवाना उपसला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ खाली दंड होतो आणि गाडी जप्त होते, आणि गाडी तुमच्या दारात पकडली तर तुमचं काम मधेच थांबतं. आणि पावती नसलेला माल कुठूनतरी नाल्याच्या काठावरून, गायरानातून रातोरात उचललेला असतो, त्यात काय आलंय हे उचलणाऱ्यालाही माहीत नसतं.

एक स्टार कापला तो का, तेही सांगते. वेळ पाळली नाही. तीन दिवसात सगळ्या फेऱ्या टाकतो म्हणाले आणि नऊ दिवस लागले, मधे दोन दिवस फोनच उचलला नाही, रोलर भाड्याने आणून ठेवला होता त्याचं भाडं फुकट गेलं. एका ड्रायव्हरने शेजारच्या काकूंच्या गटारीचा ढापा तोडला, बापूंनी नंतर माणूस पाठवून नवीन टाकून दिला पण आठवडाभर काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि शेवटच्या चार-पाच ट्रॉल्यात नारळाएवढे डबर निघाले, ते आम्हाला हाताने वेचावे लागले. मुठीपेक्षा मोठा दगड वरच्या थरात ठेवू नका, फरशीखाली तो तसाच राहतो आणि बाजूचा मुरूम बसला की फरशी त्याच्यावर डुगडुगते.

माल चांगला असून भागत नाही, दाबला कसा त्याच्यावर सगळं आहे. यावेळी आधी प्लॉटवरची गवत-मुळ्यांसकट वरची माती काढली, घर येणार त्या भागातली अजून दीड फूट काळी काढली. मग सहा ते आठ इंचाचा एकेक थर, प्रत्येक थरावर पाणी आणि मग रोलर. भिंतीजवळ रोलर जात नाही तिथे दोन माणसं लावून धुमस. पाणी किती मारायचं यावर मिस्तरीचं आणि माझं रोज वाजायचं, तो म्हणायचा तुंबवून टाका, जेवढं पाणी तेवढं चांगलं. तसं नाहीये. कॅलिफोर्नियात धरणाच्या मातीवर काम करणाऱ्या राल्फ प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने १९३३ मध्ये दाखवलं की प्रत्येक मातीला एक ठराविक ओलावा असतो, तेवढ्यावर ती सगळ्यात घट्ट बसते. त्याच्यापेक्षा कमी असलं तर कण एकमेकांवर घासून अडकतात, सरकत नाहीत, आणि जास्त असलं तर फटीत पाणीच बसतं, मुरमाला जागाच राहत नाही. घरच्या घरी बघायचं तर मूठ दाबायची, गोळा झाला पाहिजे पण तळवा ओला नाही झाला पाहिजे, आणि गोळा कमरेच्या उंचीवरून सोडला तर दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर अजून पाणी मारा, चपटा होऊन चिकटला तर एक दिवस वाळू द्या. दुसऱ्या दिवसापासून मिस्तरी स्वतःच मूठ दाबून बघायला लागला.

आपल्याकडे पद्धत आहे की भराव टाकून एक पावसाळा जाऊ द्यायचा, आपोआप बसतो. मुरमाच्या बाबतीत हे थोडंफार खरं आहे, पाण्याने बारीक भाग फटीत उतरतो आणि कमी दाबलेला भराव वर्षभरात बसतो. पण काळीला पावसाळा दाखवून काही होत नाही, ती दर पावसाळ्यात फुगणार आणि दर उन्हाळ्यात फाटणार, दहा पावसाळे गेले तरी. आणि मुरूमसुद्धा दोन फुटाचा एकदम टाकून पावसावर सोडला तर तो एकसारखा बसत नाही, एका कोपऱ्यात जास्त, एका कोपऱ्यात कमी, आणि फरशीला तडा तिथूनच जातो. थराथराने दाबायला आम्हाला तीन दिवस जास्त लागले, मजुरीही गेली, पण मला त्याचं वाईट वाटत नाही.

उतार पण त्याच वेळी काढून घ्या. घराच्या भिंतीपासून दहा फुटाला सहा इंच बाहेरच्या बाजूला, पाणी घराकडे एक थेंब येता कामा नये. नंतर पेव्हर ब्लॉक बसवताना उतार काढायला गेलात तर ब्लॉकखाली कच वाढवत बसावं लागतं आणि खर्च होतो.

बागेचं वेगळं सांगते कारण इथे लोक उलटी चूक करतात, सगळ्या प्लॉटला मुरूम टाकतात आणि मग त्याच्यात जास्वंद लावतात, ती उन्हाळ्यात वाळून जाते. मुरूम पाणी धरत नाही, खत धरत नाही, आणि रोलरने दाबलेल्या मुरमात मूळ शिरत नाही. आम्ही मागच्या बाजूला १० बाय २० चा तुकडा भरावातून वगळला, तिथे खालची जमीन टिकावाने सैल केली, त्यावर दीड फूट पोयटा आणि शेणखत टाकलं. पोयटा दिरांच्या नदीकाठच्या शेतातला, हाताला मऊ, ओला करून वळला तर वळी होते पण चिकटून बसत नाही. बागेच्या मातीची परीक्षा भरावाच्या मातीच्या उलटी आहे, तिथे वास घ्या, मातीचा चांगला वास आला पाहिजे, काळसर असली, गांडूळ दिसलं तर फारच छान. भरावाच्या मालाला मात्र असा वास नको, वास म्हणजे त्यात कुजणारं काहीतरी आहे. बागेचा तुकडा घराच्या भिंतीपासून पाच-सहा फूट लांब ठेवलाय, रोज पाणी देणार ते पायाशी मुरायला नको. कढीपत्ता, मोगरा, शेवगा आणि सासूबाईंच्या हट्टाने एक कडुलिंबाचं झाड कंपाउंडच्या बाहेर. लिंब बाहेर का, तर मोठं झाड घराजवळ काळ्या जमिनीतलं पाणी ओढून घेतं आणि उन्हाळ्यात तिथली माती जास्त आकसते. लिंब दारातच पाहिजे म्हणून त्या दोन दिवस रुसल्या होत्या, पण मला हे पटवून द्यावंच लागलं.

दुसऱ्या मालावर आता एक पूर्ण पावसाळा गेलाय. नवी मागची भिंत, पाइपची भोकं ठेवलेली, सरळ उभी आहे आणि पाऊस पडल्यावर भोकातून स्वच्छ पाणी येतं, गढूळ नाही. अंगणात पावसात चप्पल घालून गेलं तरी चिखल लागत नाही. मागच्या रविवारी मिस्तरीने पाण्याची लेव्हल लावून चारही कोपरे बघितले, तीन तसेच आहेत, शौचालयाच्या टाकीच्या बाजूचा कोपरा अर्धा इंच बसलाय, तिथे रोलर पोचला नव्हता आणि त्या दिवशी धुमसवाली माणसं लवकर गेली होती. टाईल्सच्या आधी तिथला वरचा थर उकरून पाणी मारून परत धुमस घालायचाय, चार-पाच घमेली मुरूम बाजूला काढून ठेवलाय त्यासाठी.